घरगुती फेसवॉश आणि बॉडीवॉशसाठी सर्फॅक्टंट कसे मिसळावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी साबण जमू लागला की बहुतेकांचे लक्ष फेसवॉशकडे वळते, आणि तिथे पहिलाच घाणा पातळ होतो, फुटतो किंवा चेहरा ओढल्यासारखा करतो. त्यानंतर जे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात केली असून अपवाद आणि अडचणी पुढे आहेत. एका उत्तरातील मजकूर दुसऱ्यात पुन्हा देण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सर्व टक्केवारी वजनाची आहे. चमचा आणि वाटी या मापांनी हे काम होत नाही.

१. सर्फॅक्टंट म्हणजे नेमके काय? साबण हा सर्फॅक्टंट नाही का?

साबण हाही सर्फॅक्टंटच आहे, आणि माणसाच्या वापरातील सर्वांत जुन्यांपैकी एक आहे. ज्या रेणूचे एक टोक पाण्याशी जुळते आणि दुसरे, शेपटीसारखे लांब टोक तेलाशी जुळते, तो सर्फॅक्टंट. पाण्यात अशा रेणूंची पुरेशी गर्दी झाली की ते शेपट्या आत आणि डोकी बाहेर ठेवून गोळा होतात. या गोळ्याला मिसेल म्हणतात, आणि चेहऱ्यावरचे तेल, घाम, सनस्क्रीन हे सारे त्याच्या पोटात शिरून पाण्याबरोबर वाहून जाते.

साबणाचा सामू, म्हणजे पीएच, ९ ते १० च्या आसपास असतो आणि तो खाली आणता येत नाही (का, ते प्रश्न १३ मध्ये आहे). त्वचेचा मात्र साधारण ४.५ ते ५.५ असतो. शिवाय बोअरवेलच्या दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी संयोग होऊन साबणाचा चिकट साका तयार होतो, जो बादलीच्या कडेला दिसतो तसाच त्वचेवरही बसतो. पुढील उत्तरांत ज्यांचा विचार केला आहे ते कृत्रिम सर्फॅक्टंट या दोन्ही अडचणींतून बऱ्याच अंशी सुटलेले असतात.

२. एकच चांगला सौम्य सर्फॅक्टंट घेतला तर काय बिघडते? दोन-तीन मिसळायचे कशाला?

या विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

मिसेलमध्ये अडकलेले रेणू त्वचेला फारसा त्रास देत नाहीत. त्रास मुख्यतः पाण्यात सुटे फिरणाऱ्या रेणूंचा होतो, असे याचे प्रचलित स्पष्टीकरण आहे. सुटा रेणू लहान असतो, त्वचेच्या वरच्या थरात शिरतो, तेथील केराटिन या प्रथिनाला चिकटून ते फुगवतो आणि पेशींमधील स्निग्ध पदार्थ बाहेर काढतो. धुतल्यानंतर चेहरा ओढल्यासारखा वाटतो तो यामुळेच. म्हणून पाण्यात सुटे रेणू किती शिल्लक राहतात, याला फार महत्त्व आहे. सोडियम लॉरिल सल्फेट एकटे घेतले तर मिसेल बनू लागण्यासाठी लिटरमागे सुमारे २.४ ग्रॅम लागते. तेवढी सुटी फौज पाण्यात कायम हिंडत असते, असे म्हणता येईल.

याचे कारण असे की, त्याच्या प्रत्येक डोक्यावर ऋण भार असतो आणि सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात. त्यांच्यात कोकामिडोप्रोपिल बीटेन मिसळले, ज्याच्या एकाच डोक्यावर धन आणि ऋण असे दोन्ही भार असतात, तर दोन भांडखोरांच्या मध्ये एक समजूतदार माणूस बसवल्यासारखे होते. ढकलाढकली कमी होते, मिसेल कमी मात्रेत बनू लागतात, मोठे आणि पक्के होतात, आणि सुट्या रेणूंची संख्या घटते. त्यामुळे १० टक्के ऋणभारित सर्फॅक्टंटपेक्षा ६ टक्के ऋणभारित आणि ४ टक्के बीटेन यांचे मिश्रण तितकाच मळ काढते, पण त्वचेला कमी सोलते. फेस अधिक दाट आणि टिकाऊ होतो आणि द्रवाला आपोआप घट्टपणा येतो, हे वरचे फायदे.

थोडक्यात, एखादा घटक सौम्य आहे की तिखट, हा प्रश्न एकट्या घटकाबद्दल विचारून फारसे हाती लागत नाही. तो कोणाबरोबर आणि किती मात्रेत आहे, हे विचारावे लागते.

३. कोणता कोणाबरोबर जातो, हे लक्षात कसे ठेवावे?

डोक्यावरच्या भारावरून चार गट पडतात. ऋणभारितांत सोडियम लॉरिल सल्फेट म्हणजे एसएलएस, सोडियम लॉरेथ सल्फेट म्हणजे एसएलईएस, सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट म्हणजे एससीआय, कोकॉइल ग्लुटामेट, लॉरॉइल सार्कोसिनेट, ओलेफिन सल्फोनेट आणि साबण हे सारे येतात. फेस आणि सफाई यांचा मुख्य भार हेच उचलतात. उभयधर्मी गटात बाजारात ‘सीएपीबी’ किंवा नुसते ‘बीटेन’ म्हणून मिळणारे कोकामिडोप्रोपिल बीटेन आणि कोकोअँफोअ‍ॅसिटेट येतात. अभारित गटात डेसिल, कोको आणि लॉरिल ग्लुकोसाइड येतात. धनभारित गटात कंडिशनरमधील सेट्रिमोनियम आणि बेहेनट्रायमोनियम येतात.

पहिले तीन गट एकमेकांत बिनधास्त मिसळतात. चौथा गट पहिल्याबरोबर जात नाही. तसे केल्यास काय होते ते प्रश्न ११ मध्ये सांगितले आहे. घरगुती कामासाठी एक ऋणभारित, एक उभयधर्मी आणि हवा असल्यास एक अभारित, एवढ्यावर थांबावे. पाच-सहा प्रकार एकत्र करून अधिक सौम्यता येते असा समज आहे, पण त्यातून केवळ बिघाड शोधणे कठीण होते.

४. ‘सक्रिय अंश’ म्हणजे काय, आणि तो एकूण किती ठेवावा?

दुकानातून आणलेले द्रव म्हणजे निव्वळ सर्फॅक्टंट नव्हे. त्यात पाणी असते आणि काहींत मीठही असते. प्रत्यक्ष सर्फॅक्टंट जितके टक्के असते, तो त्याचा सक्रिय अंश. साधारणपणे एसएलईएस २८ टक्क्यांचे द्रव किंवा ७० टक्क्यांची पेस्ट, बीटेन सुमारे ३० टक्के, डेसिल ग्लुकोसाइड सुमारे ५० टक्के आणि एससीआयची पूड सुमारे ८५ टक्के असते. मात्र विक्रेत्याकडून त्या मालाचा तपशीलपत्रक मागून आकडा पडताळून घ्यावा, कारण एससीआयचे स्टिअरिक आम्ल मिसळलेले, ६५ टक्क्यांच्या आसपासचे प्रकारही त्याच नावाने विकले जातात.

हिशेब त्रैराशिकाचा आहे. १०० ग्रॅम फेसवॉशमध्ये २८ टक्क्यांचे एसएलईएस २० ग्रॅम घातले तर ५.६ ग्रॅम, आणि ३० टक्क्यांचे बीटेन १५ ग्रॅम घातले तर ४.५ ग्रॅम, एकूण सक्रिय अंश १०.१ टक्के झाला. तेच एसएलईएस ७० टक्क्यांच्या पेस्टमधून २० ग्रॅम घातले तर एकट्याचेच १४ ग्रॅम होतात. ‘रेसिपी तंतोतंत पाळली, तरी चेहरा सोलला’ अशी तक्रार आली की मी प्रथम हेच विचारते, आणि अनेकदा कारण येथेच सापडते.

चेहऱ्यासाठी ८ ते १२, अंगासाठी १२ ते १८ आणि हात धुण्यासाठी १० ते १५ टक्के सक्रिय अंश पुरतो. कोरड्या त्वचेसाठी ८ च्या खाली गेले तरी चालते. फेस कमी दिसेल, सफाई मात्र होते.

५. सुरुवात करणाऱ्याने नेमके कोणते मिश्रण करावे?

१०० ग्रॅमसाठी ऊर्ध्वपातित म्हणजे डिस्टिल्ड पाणी ६८.२ ग्रॅम, बीटेन १६ ग्रॅम, डेसिल ग्लुकोसाइड ६ ग्रॅम, एससीआय पूड ४ ग्रॅम, ग्लिसरीन ४ ग्रॅम, घट्टपणासाठी झँथन गम ०.८ ग्रॅम आणि फिनॉक्सिएथेनॉल-एथिलहेक्सिलग्लिसरीन हे परिरक्षक, म्हणजे प्रिझर्वेटिव्ह, १ ग्रॅम घ्यावे. सक्रिय अंश ११ टक्क्यांच्या किंचित वर जातो.

बीटेन आणि एससीआय एका स्टीलच्या वाटीत घेऊन ती गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावी. ७० अंश सेल्सियसच्या आसपास, अधूनमधून चमचा फिरवत राहिले की आधी रव्याची पातळ लापशी दिसते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी ती पांढऱ्या, तुकतुकीत, दाट पेस्टमध्ये बदलते. दुसऱ्या भांड्यात झँथन गम ग्लिसरीनमध्ये कालवून त्यावर कोमट पाणी ओतावे. कोरडा गम थेट पाण्यात टाकला तर त्याचे मत्स्यनेत्रासारखे गोळे होतात आणि ते कोणत्याही रवीने मोडत नाहीत. मग पेस्टमध्ये डेसिल ग्लुकोसाइड, त्यात हळूहळू गमचे पाणी, आणि मिश्रण ४० अंशांच्या खाली आल्यावर परिरक्षक घालावे. शेवटी सामू ५.५ ते ६ च्या दरम्यान आणावा. कृती प्रश्न ९ मध्ये आहे. मिक्सर किंवा ब्लेंडर वापरू नये, अन्यथा वाटीभर द्रवाचा पातेलेभर फेस होतो आणि तो बसायला रात्र जाते.

एससीआयची पूड वजन करताना नाकाला मास्क लावावा. तिची धूळ बारीक असते आणि एकदा घशात गेली की दिवसभर खोकला राहतो.

६. एसएलएस आणि एसएलईएस एकच का? आणि ‘सल्फेट-फ्री’ म्हणजे सौम्य का?

दोन्ही वेगळे आहेत. एसएलईएसच्या रेणूत इथिलीन ऑक्साइडचे दोन-तीन दुवे जोडलेले असतात. त्यामुळे त्याचे डोके मोठे होते, तो त्वचेत कमी शिरतो आणि एसएलएसपेक्षा बराच सौम्य ठरतो. हे दुवे जोडताना १,४-डायॉक्सेन हा नको असलेला पदार्थ अल्प प्रमाणात तयार होतो, म्हणून माल प्रतिष्ठित उत्पादकाचा, तपशीलपत्रकासह घ्यावा.

‘सल्फेट-फ्री’ हा शब्द एका रासायनिक गटाची अनुपस्थिती सांगतो, सौम्यता सांगत नाही. ओलेफिन सल्फोनेट सल्फेट-फ्री आहे आणि तेल काढण्यात चांगलेच कडक आहे. उलट एसएलईएस आणि बीटेन यांचे सक्रिय अंश निम्मे-निम्मे ठेवून, एकूण ८ टक्क्यांवर केलेला फेसवॉश अनेक सल्फेट-फ्री बाटल्यांपेक्षा मऊ वागतो. माझ्या मते नवख्याने सल्फेटला घाबरण्यापेक्षा एकूण सक्रिय अंशाला घाबरावे.

७. एसएलईएसची पेस्ट पाण्यात विरघळतच नाही, गुठळ्या तरंगत राहतात. काय करावे?

७० टक्क्यांची पेस्ट विरळ होताना मधल्या मात्रेत ती मूळ पेस्टहूनही घट्ट, जेलीसारख्या अवस्थेतून जाते. पेस्टवर पाणी ओतले की गोळ्याभोवती याच जेलीचे कवच तयार होते आणि आत पाणी पोहोचत नाही. म्हणून उलट करावे: भांड्यात पूर्ण पाणी घ्यावे, पेस्ट लहान लहान तुकड्यांनी सोडावी, हळू ढवळावे आणि झाकून रात्रभर ठेवावे. सकाळी बहुतेक विरघळलेली असते. घरगुती प्रमाणासाठी सरळ २८ टक्क्यांचे द्रव आणणे सोयीचे. पेस्टमुळे पैसे वाचतात, पण मनःस्ताप वाढतो.

८. मीठ घातल्यावर आधी घट्ट झाले आणि मग अचानक पाण्यासारखे पातळ झाले. असे का?

मिठामुळे मिसेल लांबट, शेवयांसारखे होतात आणि एकमेकांत गुंतून द्रवाला घट्टपणा आणतात. एका मर्यादेपर्यंत मीठ वाढेल तसा घट्टपणा वाढतो, शिखर गाठतो आणि त्यापुढे चिमूटभर मिठानेही तो कोसळतो. पातळ झाले म्हणून आणखी मीठ टाकणे ही येथे हमखास होणारी चूक आहे. शिखर ओलांडलेला घाणा सावरायचा असेल तर मीठ नसलेला तोच द्रव आणखी करून त्यात मिसळावा.

आपण मिठाचा एक कणही घातलेला नसला, तरी बीटेनमध्ये ते आधीच साधारण ५ टक्के असते. १५ ग्रॅम बीटेनबरोबर पाऊण ग्रॅम मीठ आलेलेच असते. म्हणून घाणा चार वाट्यांत विभागून त्यांत ०.५, १, १.५ आणि २ टक्के मीठ घालून पाहावे आणि शिखराच्या थोडे अलीकडे थांबावे. त्याआधी सामू ठरवून घ्यावा, कारण तो ५ च्या दिशेने उतरला की बीटेनवरचा धन भार अधिक प्रभावी होतो आणि मीठ न घालताही द्रव दाटतो. मीठ आधी आणि सामू उतरवणारे लिंबूसत्त्व (प्रश्न ९) नंतर, असा क्रम ठेवला तर शिखर नकळत ओलांडले जाते.

ही युक्ती एसएलईएस-बीटेन जोडीसाठी आहे. एससीआय किंवा ग्लुकोसाइड मुख्य असलेल्या मिश्रणात मीठ फारसा परिणाम करत नाही; तेथे झँथन गम वापरावा. कार्बोमर हा जेल बनवणारा घटक मात्र टाळावा, कारण बीटेनमधील मीठच त्याची जेल मोडते.

९. सामू कसा मोजावा आणि किती ठेवावा?

फेसवॉशचा एक भाग आणि डिस्टिल्ड पाण्याचे नऊ भाग असे विरळ करून कागदी पट्टीने किंवा मीटरने मोजावे. घट्ट, रंगीत द्रवात पट्टी थेट बुडवली तर रंग नीट कळत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतील १ ते १४ ची पट्टी येथे भरवशाची नाही; ४ ते ७ या पल्ल्याची, अर्ध्या अंकाचा फरक दाखवणारी पट्टी घ्यावी.

डेसिल ग्लुकोसाइड बहुधा ११ च्या पुढच्या सामूचे येते, कारण त्या स्थितीत त्यात जंतू वाढत नाहीत. म्हणून ते असलेल्या मिश्रणात लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, घालणे अनिवार्य आहे. पाणी आणि लिंबूसत्त्व समभाग घेऊन द्रावण करावे, ते थेंबाथेंबाने घालावे आणि प्रत्येक वेळी ढवळून मोजावे. प्रत्यक्ष लिंबाचा रस कधीही घालू नये. त्यातील आम्लाचे प्रमाण प्रत्येक लिंबागणिक बदलते आणि उरलेला गर जंतूंचे खाद्य ठरतो.

सर्वसाधारणपणे सामू ५ ते ६ ठेवावा. एससीआय असेल तर ५.५ च्या खाली जाऊ नये. कारण पुढच्या उत्तरात आहे.

१०. हिवाळ्यात बाटलीत रव्यासारखे कण दिसू लागले. फेसवॉश खराब झाला का?

खराब झालेला नाही; एससीआय परत कणरूप झाले आहे. थंड पाण्यात त्याची विद्राव्यता फारच कमी असते. गरम असताना पारदर्शक दिसलेले मिश्रण दोन-तीन दिवसांनी दुधी होते आणि डिसेंबरच्या पहाटे नाशिक-पुण्याकडे त्यात कण धरतात. माझा एक पूर्ण घाणा असा दिवाळीनंतर बाटल्यांत गोठला होता. झाकण उघडून उलटी केलेली बाटली तशीच हातात, थेंबही खाली येत नव्हता. त्या वेळी मी एससीआय १२ टक्के घेतले होते आणि बीटेन त्याच्या निम्मेही नव्हते. एससीआय ४-५ टक्क्यांवर ठेवावे आणि बीटेनचा सक्रिय अंश त्याच्याइतका किंवा अधिक ठेवावा, म्हणजे कण धरण्याची शक्यता बरीच घटते. पारदर्शक फेसवॉशच हवा असेल तर एससीआयऐवजी कोकॉइल ग्लुटामेट घ्यावे.

महिन्याभराने सामू आपोआप घसरला आणि तळाशी मेणचट थर आला, तर मात्र प्रकार वेगळा आहे. एससीआय हे एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांच्या जोडणीतून झालेले संयुग आहे. आम्लात तसेच तीव्र अल्कलीत ते तुटून मेदाम्ल, म्हणजे फॅटी ॲसिड, वेगळे होते. साधारण ६ ते ८ या सामूत ते सर्वांत टिकाऊ असते. असा घाणा सावरता येत नाही.

११. फेसवॉशमध्ये कंडिशनर किंवा जंतुनाशक घातले आणि ते दह्यासारखे फुटले. का?

ऋणभारित एसएलईएस आणि धनभारित सेट्रिमोनियम एकत्र आले की दोघे एकमेकांना घट्ट धरतात आणि पाण्यात न विरघळणारी जोडी बनून खाली बसतात. ना फेस राहतो, ना मऊपणा. जे जंतुनाशक द्रव सेट्रिमाइड आणि क्लोरहेक्झिडिन यांचे असते, तेही धनभारितच असते. ते हँडवॉशमध्ये ओतले की वास तेवढा उरतो आणि जंतुनाशक गुण बराचसा जातो. दिसायला काही फुटले नाही तरी हेच घडलेले असते.

अपवाद धनभारित बहुवारिकांचा, म्हणजे पॉलिमरचा, आहे. पॉलिक्वाटर्नियम-७ किंवा धनभारित ग्वार ०.१ ते ०.३ टक्के घातले तर मिश्रण टिकते, आणि धुताना पाणी वाढले की त्याचा पातळ थर त्वचेवर बसून मऊपणा येतो.

१२. परिरक्षक टाळता येणार नाही का? सर्फॅक्टंट स्वतःच जंतू मारतो ना?

मारत नाही, निदान पुरेसे नाही. स्यूडोमोनास जातीचे जंतू विरळ सर्फॅक्टंटमध्ये आनंदाने वाढतात, आणि न्हाणीघरातील ओल्या हातांनी हाताळलेली बाटली त्यांना सोयीची जागा असते. पाणी असलेल्या प्रत्येक मिश्रणाला परिरक्षक हवेच. ई जीवनसत्त्व, कडुनिंबाचा अर्क आणि टी ट्री तेल ही परिरक्षके नव्हेत.

निवड सामूवर ठरते. सोडियम बेंझोएट स्वस्त आणि परिचित आहे, पण त्यातील काम करणारा भाग म्हणजे मूळ बेंझोइक आम्ल. सामू ५ असताना त्याचा सुमारे १४ टक्के भागच त्या रूपात असतो आणि सामू ६ वर तो २ टक्क्यांच्याही खाली येतो. म्हणजेच बेंझोएटला ५ किंवा त्याखालचा सामू हवा आणि एससीआयला त्यावरचा. या दोघांना एका बाटलीत सुखाने नांदवता येत नाही. म्हणून प्रश्न ५ मध्ये फिनॉक्सिएथेनॉलचे मिश्रण सुचवले आहे, जे सामूवर फारसे अवलंबून नसते. फिनॉक्सिएथेनॉलची कमाल मर्यादा युरोपीय महासंघाच्या नियमांत १ टक्का आहे. ती ओलांडू नये. जोडीला ०.१ टक्के ईडीटीए घातल्यास पाण्यातील धातूंचे आयन बांधले जातात आणि परिरक्षकाचे काम सोपे होते.

१३. घरी केलेल्या द्रव साबणात बीटेन घालून तो सौम्य करता येईल का?

बीटेन घालता येते. फेस सुधारतो आणि दुष्फेन पाण्यातील साकाही थोडा कमी जाणवतो. मात्र सामू खाली येत नाही. तो आणण्यासाठी लिंबूसत्त्व घातले तर सुमारे ९ च्या खाली साबण तुटून मेदाम्ले सुटी होतात आणि द्रव आधी गढूळ होऊन मग दोन थर पडतात.

१९७९ मध्ये फ्रॉश आणि क्लिगमन या संशोधकांनी साबणांची द्रावणे त्वचेवर झाकून ठेवून दाह मोजणारी चाचणी मांडली. तीत बहुतेक वड्यांनी त्वचा लाल केली आणि डव्ह सर्वांत सौम्य ठरला. १९५७ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेली ही वडी मुख्यतः साबणाची नसून एससीआयची आहे. कोरडी किंवा इसबाची प्रवृत्ती असलेली त्वचा असेल, तर साबण सुधारत बसण्यापेक्षा त्याला बाजूला ठेवणे बरे.

१४. रिठा, शिकेकाई, बेसन यांच्याबरोबर सर्फॅक्टंट मिसळता येतात का?

रिठा आणि शिकेकाई यांतील सॅपोनिन हे निसर्गनिर्मित, बहुतांशी अभारित सर्फॅक्टंटच आहेत, त्यामुळे वरील पहिल्या तीन गटांशी त्यांचे जमते. अडचण रसायनाची नसून टिकण्याची आहे: रिठ्याच्या काढ्यात शर्करा आणि इतर वनस्पतिज पदार्थ भरपूर असतात, तो दोन दिवसांत आंबतो आणि नेहमीच्या मात्रेतील परिरक्षक त्याला पुरे पडत नाही. ‘नैसर्गिक’ म्हणून तो सौम्य असतो हेही खरे नाही. रिठा डोळ्यात गेल्याचा लहानपणीचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

कोरडे मिश्रण हा यावरचा चांगला मार्ग आहे. दिवाळीच्या उटण्यात बेसन, मसूरडाळीचे पीठ, चंदन, कचोरा यांच्याबरोबर १५ ते २० टक्के एससीआयची बारीक पूड मिसळली तर हातावर पाणी घेताच मऊ फेस येतो. पाणी नसल्याने परिरक्षक लागत नाही. मात्र डबा न्हाणीघरात ठेवू नये आणि ओला चमचा घालू नये.

१५. भांड्यांच्या लिक्विडसाठी आणलेली ॲसिड स्लरी शिल्लक आहे. ती हँडवॉशमध्ये वापरू का?

वापरू नये. ॲसिड स्लरी म्हणजे अल्काइल बेंझीन सल्फोनिक आम्ल. ते तीव्र आम्ल आहे आणि उदासीन केल्यानंतरही त्यापासून झालेला क्षार तेल काढण्यात इतका तत्पर असतो की त्याची जागा कपड्यांत आणि भांड्यांतच आहे. त्याच दुकानात घट्टपणासाठी मिळणारे, खोबरेल तेलापासून केलेले सीडीईए (कोकामाइड डीईए) सुद्धा त्वचेसाठीच्या द्रवात टाळावे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘२ब’, म्हणजे मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या गटात ठेवले आहे, आणि बीटेन हाती असताना त्याची गरजही उरत नाही.

१६. खोबरेल तेल आणि सुगंधी तेल घातले, तर फेस बसला आणि वर तवंग आला. कसे घालावे?

मिसेलची धारणशक्ती मर्यादित असते. ज्या जागेत चेहऱ्यावरचे तेल शिरायचे, तीच आपण बाटलीत खोबरेल घालून भरून टाकतो. १ टक्क्यापेक्षा अधिक तेल हवे असेल तर तो फेसवॉश राहत नाही, इमल्शन होते आणि त्याची कृती वेगळी आहे. मऊपणासाठी ग्लिसरीन किंवा पाण्यात मिसळणारे पीईजी-७ ग्लिसरिल कोकोएट घ्यावे.

सुगंधी तेल ०.३ टक्क्यांपर्यंत ठेवावे, आणि पाण्यात नव्हे तर प्रथम डेसिल ग्लुकोसाइड किंवा बीटेनमध्ये नीट घोळवून मग पाण्यात सोडावे. काही सुगंध घट्टपणा घालवतात, काही वाढवतात. त्यामुळे मिठाची चाचणी सुगंध घातल्यानंतरच करावी.

१७. सगळे सौम्य घटक घेतले, सामूही बरोबर आहे, तरी पापण्यांभोवती खाज येते. असे कसे?

जळजळ आणि ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जळजळ मात्रेवर अवलंबून असते आणि आतापर्यंत सांगितलेल्या उपायांनी ती कमी होते. ॲलर्जी अत्यल्प मात्रेतही होते आणि घटक सौम्य असल्याने टळत नाही. अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थेने २००४ मध्ये कोकामिडोप्रोपिल बीटेनला आणि २०१७ मध्ये अल्काइल ग्लुकोसाइडना ‘वर्षाचे ॲलर्जीजनक’ म्हणून पुढे आणले होते. म्हणजे घरगुती सौम्य फेसवॉशचे दोन्ही आधारस्तंभ या यादीत आहेत. बीटेनच्या बाबतीत दोष बहुधा निर्मितीतून उरलेल्या अमिडोअमाइन आणि डीएमएपीए या अशुद्धींचा असतो, म्हणून शुद्ध प्रतीचा माल घेतल्यास धोका कमी होतो.

चाचणीसाठी फेसवॉश पट्टीखाली रात्रभर बांधून ठेवू नये. न धुतलेला, झाकलेला सर्फॅक्टंट कोणाचीही त्वचा लाल करील आणि निष्कर्ष चुकेल. हाताच्या कोपराच्या आतील बाजूस दिवसातून दोनदा, नेहमीप्रमाणे लावून धुवावा आणि आठवडाभर पाहावे. खाज कायम राहिली तर वापर थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे; कोणत्या घटकाची ॲलर्जी आहे हे त्यांच्याकडील पॅच टेस्टनेच कळते.

१८. तान्ह्या बाळासाठी हेच विरळ करून वापरू का?

नको. विरळ केल्याने परिरक्षकही विरळ होते, सामू बदलतो आणि घरच्या घाण्याची जंतुचाचणी झालेली नसते. बाळाला कोमट पाणी बहुतेक दिवशी पुरते.

१९. शेजारी आणि नातेवाईक मागतात. बाटल्या विकल्या तर चालेल का?

विनापरवाना चालत नाही, आणि ‘घरगुती’ किंवा ‘हस्तनिर्मित’ असे लिहिल्याने सूट मिळत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांनुसार विक्रीसाठी प्रसाधने बनवण्यास राज्याच्या परवाना प्राधिकरणाचा परवाना लागतो; महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. त्यासाठी स्वतंत्र जागा, पात्र देखरेख, चाचण्यांची सोय आणि नियमानुसार लेबल या अटी येतात. ज्यांना स्वतःचे नाव लावून विक्री करायची आहे, पण कारखाना उभारायचा नाही, ते परवानाधारक उत्पादकाकडून आपल्या कृतीनुसार माल करून घेतात. अशा उत्पादकाकडे जाताना प्रश्न ४ मधील हिशेब आणि किमान तीन महिने ठेवून पाहिलेल्या घाण्याची सामू व घट्टपणाची नोंदवही बरोबर न्यावी. ते पहिल्याच भेटीत तीच मागतात.